शर्टावरचं नाव

वसंता,

काल तुझ्या तेरवीच्या पंगतीत मी भांडलो. वाढता वाढता वहिनींनी डोळे वटारले, म्हणून आवरलं. नाहीतर ताटावरून उठलोच होतो. कारखान्यातला, आपल्याच खात्यातला एक जुना गडी शेजारी बसला होता. त्याचं नाव घेत नाही, तुला कळेलच. तोंडात वडा घोळवत तो म्हणाला, "वसंताभाऊ गेले. आता टीम पन त्यायच्यासंगच गेली समजा."

मी म्हटलं, "टीम कुठी नाई गेली. उद्या सकाळी सातले शहापूरच्या फाट्यावर ये, दाखवतो तुले."

"तू खेळतं काय आता? या वयात?" तो हसला. त्यानंतर मी जे बोललो ते तेरवीच्या दिवशी बोलू नये. समोर भिंतीला तुझा फोटो होता, ताजा हार घातलेला. अपील फेटाळलं की अंपायरकडे बघायचास तसाच तू त्या फोटोतून माझ्याकडे बघत होतास.

चूक मानत नाही मी. तुझ्या तेरवीत गुलाबजाम खाऊन मान डोलवायला मी काही पाहुणा नव्हतो. आणि एवीतेवी आपलं भांडण अर्धंच राहिलंय. तू गेलास त्याच्या आदल्या संध्याकाळी मी तुझ्या अंगणातून रागानं उठलो, चपला शोधू लागलो, तेव्हा तू मागून ओरडलास, "गजू, उरलेलं उद्या!" सकाळी तू वहिनींना चहा ठेवायला सांगितलास आणि चहाला उकळी येईपर्यंत गेलास. वैनगंगेच्या घाटावर सगळे रडत होते, मीही रडलो. पण खरं सांगतो, रडता रडता मला तुझा राग येत होता. उद्या म्हणाला होतास ना? मग असं अर्ध्यावर कोण जातं?

म्हणून आज लिहायला बसलोय. पाठ धरली आहे, उजवा गुडघा सुजलाय, बायकोनं हळदीचा लेप लावून दिलाय आणि वर दोन शब्दही सुनावलेत. ते का, ते शेवटी सांगतो. आधी भांडण पुरं करू.

तुला कंपनीत कसं घेतलं, ते तू दर वर्षी नव्या पोरांना सांगायचास आणि दर वर्षी त्यात थोडा मीठमसाला वाढायचा. माझ्या डोळ्यांदेखत जे झालं ते एवढंच. तारेच्या कारखान्याचे तेव्हाचे मोठे साहेब क्रिकेटवेडे. कारखान्याची भिंत आणि गावचा तलाव यांच्यामधली पडीक जागा त्यांनी सपाट करून घेतली, मधोमध काथ्याची मॅट अंथरली आणि मुलाखतीला येणाऱ्या प्रत्येकाला पहिला प्रश्न एकच विचारू लागले, क्रिकेट येतं का? तू मोहाडीकडून आलेला, धानाच्या बांधीत वाढलेला, हातात कागदांची पिशवी. तू "येते" म्हणालास आणि साहेबांनी टेबलावरचं लिंबू न सांगता तुझ्याकडे फेकलं. तू ते डाव्या हातानं झेललंस. पिशवी उजव्या हातात तशीच. पुढं तू सांगायचास की ते लिंबू नव्हतं, लोखंडी नट होता. लिंबूच होतं, वसंता. मी दारात माझा नंबर लागायची वाट बघत उभा होतो.

त्या दिवसापासून तू स्टंपांमागे आणि मी स्टंपांपुढे. माझा चेंडू वळला की तू म्हणायचास, मॅटनं वळवला. नाही वळला की म्हणायचास, गजूनं नाही वळवला. तीस वर्षांहून जास्त काळ मी हे ऐकून घेतलं, तेव्हा आता थोडं तू ऐक.

आपल्या टीमसारखी टीम विदर्भात दुसरी नसेल. साहेब क्रिकेटवेडे होते, पण ड्युटीच्या बाबतीत पक्के. फायनल सोडली तर कुठल्याच सामन्याला रजा नाही. रात्रपाळीवाले सकाळी सुटायचे, तोंडावर पाणी मारून थेट मैदानावर यायचे आणि लाल डोळ्यांनी ओपनिंग करायचे. पहिल्या पाळीवाले तीनचा भोंगा झाल्याशिवाय सुटत नसत, म्हणून त्यांची नावं खाली. आपल्या बॅटिंगचा क्रम कोण किती चांगला यावर कधी ठरलाच नाही, कोणाची पाळी कोणती यावर ठरला. टॉस जिंकलो तर ठीक. हरलो आणि समोरच्यानं बॅटिंग घेतली की तीनपर्यंत सहाच जणांनी फिल्डिंग करायची. बाहेरच्या टीमला पहिल्यांदा वाटायचं, आपण त्यांची चेष्टा करतोय. मग तीनचा भोंगा व्हायचा, खेळ मिनिटभर थांबायचा, आणि फाटकातून पाच जण तेलकट हात पँटला पुसत धावत यायचे. तलावाच्या बांधावर बसलेली गावची मंडळी टाळ्या वाजवायची. सहा जणांत अख्खं मैदान राखायची सवय झाल्यामुळे आपली फिल्डिंग जिल्ह्यात एक नंबरची झाली, असं तू सांगायचास. त्यात मात्र मीठमसाला नव्हता.

आणि तीनच्या भोंग्याला थांबायच्या सवयीनं आपल्याला बुडवलं.

नागपूरची ती फायनल. अख्ख्या टीमला रजा, नवे पांढरे शर्ट, छातीवर कंपनीचं नाव निळ्या धाग्यानं विणलेलं. आठ विकेट गेल्या होत्या, तू जमलेला, मी दुसऱ्या टोकाला, आणि उरलेल्या धावा तर आपण दोघांनी झोपेत काढल्या असत्या. तू चेंडू पॉइंटकडे ढकललास. धाव नव्हती. तेवढ्यात शेजारच्या कुठल्यातरी गिरणीचा तीनचा भोंगा झाला. आणि तू, आमचा कप्तान, अंगवळणी पडल्याप्रमाणे बॅट काखेत मारून शांतपणे क्रीजबाहेर निघालास! खरं सांगायचं तर माझाही एक पाय उचलला गेला होता. मी "वसंता, मागं!" म्हणून बोंब मारली, पण पॉइंटवाल्याचा थ्रो तुझ्या आधी पोचला होता.

त्यांचा कप्तान भला माणूस होता. हसू आवरत पळत आला. "अरे भाई, ऐसे नहीं चाहिए हमको. वापस आ जाओ." अंपायरही तयार होता. सगळे तयार होते. एकटा तू तयार नव्हतास. "नहीं भाई, आउट है," म्हणालास आणि चालू लागलास. पुढच्या षटकात शेवटचा गडी गेला आणि कप गेला.

या गोष्टीवरून आपण किती वर्षं भांडलो! मी म्हणायचो, समोरचा स्वतःहून बोलावतो, तिथे कसला ताठा? तू म्हणायचास, "त्यायनं दिला म्हनून घेतला असता तं कप घरी आला असता, गजू. पन आपला नसता झाला." मला ते तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. पण त्या दिवशी परतीच्या बसमध्ये कोणी तोंड उघडत नव्हतं, पोरं खिडकीबाहेर बघत होती, तेव्हा पहिल्या सीटवरून तूच म्हणालास, "काही म्हना, भोंगा बेस होता पन त्यायचा. आपल्याहून मोठा आवाज." आणि बस फुटली हसून. भंडारा येईपर्यंत आपण हसत होतो. तुझ्यामुळे हरलेली माणसं तुझ्याच बोलण्यावर हसत होती. हे जमणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही, आणि हे तुला तोंडावर कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू आणखी फुगला असतास.

एका बाबतीत मात्र तू बरोबर होतास, हे मी तेव्हाच मान्य केलं होतं. मोठे साहेब गेले, नवे आले, कायमची भरती थांबली आणि कारखान्यात ठेकेदाराची पोरं दिसू लागली. काम तेच, मशीन तेच, गेटपास वेगळा. कंपनीनं नियम काढला की टीममध्ये फक्त कायम कामगार खेळतील. कायम कामगार म्हणजे आपल्यासारखे पोट सुटलेले. तू थेट ऑफिसात गेलास. मी मागे उभा होतो. तू म्हणालास, "साहेब, परमनंट कोन अन् ठेकेदारीचा कोन हे बॉलले समजत नाई. आमाले बी मैदानावर समजत नाई." साहेब म्हणाले, खेळवा, पण शर्ट कंपनीचा देता येणार नाही. तू म्हणालास, "मंग मी बी बिना नावाचाच घालतो."

पुढच्या सामन्याला सगळ्यांना शर्ट मिळाले, नावासकट. निलेशनं, आपल्या आताच्या कप्तानानं, तो शर्ट घालून आधी फोटो काढला आणि लाखांदूरला आईला पाठवला. हे त्यानंच मला तुझ्या अंत्ययात्रेत सांगितलं. त्या पोराच्या पगाराच्या कागदावर कंपनीचं नाव कधीच नव्हतं. जे होतं ते शर्टावर.

म्हणूनच तर शेवटच्या भांडणात तू हरायला तयार नव्हतास. तुझं म्हणणं मला कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच राग येत होता.

कंपनी विकली गेली. गेटवरची पाटी बदलली. मैदानावर ट्रक उभे राहू लागले. आपण दोघे रिटायर, पण टीम आपल्याच गळ्यात, म्हणून आपल्यालाच बोलावलं. नवा साहेब पोरगेलासा, बोलायला गोड. चहा पाजला, बिस्किटं पुढे केली आणि सांगितलं की खेळासाठी आता तरतूद नाही, आणि कंपनीचं जुनं किंवा नवं नाव बाहेर कुठे वापरू नका. जिल्ह्याच्या लीगमधली आपली वरच्या गटातली जागा कंपनीच्या नावावर होती. नाव गेलं म्हणजे जागाही गेली. खेळायचं तर दुसऱ्या नावानं, सगळ्यात खालच्या गटातून, आणि पहिल्याच सामन्याला हजर राहिलो नाही तर तेही बाद.

त्या संध्याकाळी तू अंगणात खाटेवर बसून उकडलेले शिंगाडे सोलत होतास. मला एक देत होतास, स्वतः दोन खात होतास.

"बंद करू, गजू," तू म्हणालास. "मानानं बंद करू."

"काहून? हात-पाय तुटले काय आपले?"

"नाव नाई तं टीम नाई. पोट्टे दिवसभर राबून मंग कायले येतीन? त्यायले ठेकेदार देते काय, तं फक्त काम. त्यायच्याजवळ तेवढं एक नाव होतं, शर्टावरचं. ते बी काढून घेतलं. आता कोनत्या तोंडानं बोलावू मी त्यायले?"

"खेळाले बोलाव ना बाप्पा. खेळाले बोलवाले तोंड कायचं लागते?"

"अकरा नाई होत. पाहून घे."

"आपन सहा जनांत फिल्डिंग केली, वसंता!"

यावर तू शिंगाडा खाली ठेवलास. "तेव्हाची गोठ अलग होती. बाकीचे पाच तीन वाजता येनारच होते. आता कोन येनार हाय?"

उत्तर नसलं की मी आवाज चढवतो, हे तुला तीस वर्षांपासून माहीत होतं. मी म्हटलं, होतात अकरा, मोजून दाखवतो. निलेशपासून सुरू करून मी बोटांवर नऊ पोरं मोजली. मग छातीवर हात मारून म्हटलं, दहावा मी. आणि थांबलो.

"दहा," तू म्हणालास. हसलास. "दहा जनायची टीम रायते काय, गजू?"

मी उठलो ते तिथेच.

तुझी तेरवी आटोपल्यावर, मांडव निघत असताना मी वहिनींजवळ गेलो. म्हटलं, वहिनी, उद्या मोहाडीला सामना आहे. सुतक आत्ताच संपलंय, कसं दिसेल ते माहीत नाही. तुम्ही नको म्हणालात तर नाही जाणार. खरं तर त्यांनी नको म्हटलं असतं तरी मी कुठलं तरी निमित्त काढून गेलोच असतो, पण विचारायला हवं होतं.

वहिनींनी पदरानं तोंड पुसलं. म्हणाल्या, "गजूभाऊ, तुमचं दोघायचं भांडन माह्या आंगनात इतकी वर्सं चाललं. दोघायलेबी मीच चहा देल्ला. आता ते नाईत म्हनून घरी बसल्या बसल्या जिंकून घेऊ नका. मैदानावर जा. मंग कोन जिंकलं ते मले येऊन सांगा."

जाऊ दे, आता तीस वर्षांनी कळलं की त्या घरात खरा अंपायर कोण होता.

आज सकाळी सातच्या आधीच मी फाट्यावर होतो. हायवेवर धुकं होतं, कापलेल्या धानाच्या बांध्या दिसून न दिसल्यासारख्या होत्या. सव्वासातला एकही जण नव्हता. मी मनात तुला शिव्या घातल्या. मग निलेश आला, मोटरसायकलवर मागे एकाला घेऊन. मग तिघे रात्रपाळी करून आले, डोळे लाल. मग एकेक करत बाकीचे. सगळ्यांचे शर्ट पांढरे, पण छाती कोरी. एकानं जुन्या शर्टावरचं नाव उसवून काढलं होतं, तिथे कापड जास्त पांढरं दिसत होतं. त्यानं तिथे हात ठेवला आणि मी बघतोय असं पाहून हात काढला. एसटी आली, आपण चढलो. आपण म्हणतोय मी, सवय जात नाही.

बसमध्ये पोरं म्हणाली, टीमला वसंताभाऊंचं नाव देऊ. मी नाही म्हटलं. त्यांना वाईट वाटलं. पण वसंता, मेलेल्या माणसाच्या नावाची टीम म्हणजे वर्षातून एकदा हार घालायचा आणि एक सामना खेळून मोकळं व्हायचं. मला दर रविवारी खेळणारी टीम पाहिजे. गावाचं नाव दिलं, साधं. गाव कोणी विकत घेत नाही, निदान अजून तरी.

समोर लाखांदूरकडच्या शेतकऱ्यांची पोरं होती. धान विकून मोकळी झालेली, अंगात रग. आपण टॉस हरलो आणि पुढं सामनाही हरलो, आणि चांगलेच हरलो. उगाच लपवत नाही. मी चार षटकं टाकली. दोन चेंडू वळले. मॅट नव्हती, वसंता, साधी मातीची खेळपट्टी होती, तेव्हा ते मीच वळवले. एका झेलासाठी आडवा झालो, तिथे हा गुडघा गेला. झेल सुटला. निलेश स्टंपांमागून ओरडला, "काका, वयाचं भान ठेवा ना जी!" आणि पोरं हसली, मीही मातीत बसून हसलो. परतीच्या एसटीत कोणी गप्प नव्हतं. पुढच्या रविवारी कोण ओपनिंग करणार यावर आपल्यातला पवनीचा एक पोरगा आणि निलेश मोठमोठ्यानं भांडत होते, आणि कंडक्टर दोघांना तिकिटं काढायला सांगत होता.

एवढं सगळं सांगितलं, पण तुला जे ऐकायचं आहे ते अजून सांगितलं नाही. टॉसच्या आधी मी अंपायरला नावं सांगितली. त्यानं मोजली, पुन्हा मोजली. म्हणाला, "काका, दहाच हायेत. अकरावा येऊन रायला काय?"

"नाई," मी म्हटलं.

नऊच्या नऊ पोरं आली, वसंता. तू म्हणालास ती येणार नाहीत, ती आली. पण अकरा होणार नाहीत हेही तू म्हणाला होतास, आणि ते खरं झालं. तेव्हा वहिनींना काय सांगायचं ते मला अजून ठरवता येत नाही. त्या संध्याकाळी मी बोटांवर दहापर्यंत येऊन थांबलो, ते मोजणं संपलं होतं म्हणून नाही. रागाच्या भरात तुला "चल" म्हणायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी, तुझा ताठा उतरल्यावर, चहा घेता घेता म्हणणार होतो. तू कुरकुरला असतास, गुडघे दाखवले असतेस, आणि आला असतास. माझ्या हिशेबात अकरावा तूच होतास.

पुढच्या रविवारी अकरा करूनच नेतो.